आत्याच्या गाण्याखाली माझी सही

आत्याचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते गाणं आहे हेच मला कळलं नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असेन. सुट्टीत सांगवीला तिच्याकडे गेले होते. ती परड्यात शेंगा फोडत बसली होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. एक ओळ म्हणायची, थांबायची, मान हलवायची, पुन्हा तीच ओळ एखादा शब्द बदलून म्हणायची. मला वाटलं, ती कुणाशी तरी भांडतेय.

आत्याला एक मुलगी होती. चार वर्षांची असताना ती कालव्यात बुडून गेली. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. त्यानंतर कधीतरी वर्षावासात, म्हणजे भिक्खू एका जागी राहतात त्या पावसाळ्याच्या महिन्यांत, आमच्या विहारात एक भन्तेजी आले आणि त्यांनी किसा गोतमीची गोष्ट सांगितली. किसा गोतमीचं तान्हं मूल दगावतं, ती ते कडेवर घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध तिला म्हणतात, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी घेऊन ये. ती दारोदार हिंडते आणि तसं एकही घर तिला सापडत नाही. आत्या मला एकदा म्हणाली होती, "भन्तेजी सांगत व्हतं आन् मला वाटत व्हतं, ह्यास्नी माझं कुणी सांगितलं?"

ते गाणं तिनं त्यानंतर कित्येक वर्षं घडवलं. आत्या दुसरीपर्यंत शिकलेली. सही करता येते, मराठी बोट ठेवून वाचते. पण गाणं तिनं कधी कागदावर उतरवलं नाही. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की ती आणि तिच्या तीन सोबतिणी बसून ते म्हणायच्या. ढोलकी नाही, पेटी नाही, एकीच्या हातात टाळ, बस. सुरुवात अशी होती:

मूठभर मोहरी गं, मागती किसा माय
ज्या दारी मरण न्हाय, असं दार गावात हाय?

आता माझ्या एका मैत्रिणीबद्दल सांगते. ती इंदापूरची. बारामतीला कॉलेजात आम्ही एका वसतिगृहात, एका खोलीत तीन वर्षं राहिलो. दोघीही बौद्ध घरातल्या, दोघींच्याही घरातली ती पहिलीच पिढी कॉलेजात गेलेली. शनिवारी वर्ग सुटले की मी तिला सांगवीला घेऊन जायची. आत्या तिला नावानं हाक मारायचीच नाही, "इंदापूरकरीण" म्हणायची. "इंदापूरकरणीला ठेचा तिखट लागतुया, तिला दही वाढ," असं मला सांगायची. मला मात्र तिनं कधी दही घे म्हटलं नाही. मैत्रीण तिच्या पाठीला टेकून बसायची आणि "आत्या, मोहरीचं म्हणा" असा हट्ट धरायची. मी लाजायची. मला तेव्हा आत्याचं गाणं गावठी वाटायचं, हे आज कबूल करते. पहिल्यांदा त्याला चांगलं म्हणणारी ही मैत्रीणच होती.

पुढं मी शिक्षिका झाले. बारामतीतल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि जळोचीला राहते. ती पुण्याला गेली, तिथलीच झाली. फोन कमी झाले, वाढदिवसापुरते उरले. मग चार वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा फोन आला. ती एका कंपनीत मोठ्या जागेवर होती. बौद्ध सांस्कृतिक वारसा डिजिटल करायचा, असा त्यांचा प्रकल्प होता. लेण्यांची चित्रं अशी काढायची की मोबाइलवर आत फिरून आल्यासारखं वाटावं, जातककथांच्या चित्रफिती करायच्या, गावोगावच्या बायकांची गाणी रेकॉर्ड करायची.

"तुझी आत्या अजून म्हणते का गं मोहरीचं?" तिनं विचारलं.

"म्हणते की. आवाज थकलाय आता."

"म्हणूनच घाई आहे. आपल्या बायकांचं आजवर कुणी काही जपून ठेवलं नाही. आता आपणच जपलं पाहिजे."

त्या 'आपण'वर मी भाळले. इतकी वर्षं मी वर्गात दुसऱ्यांच्या ओव्या शिकवत होते. माझ्या घरात एक बाई गाणं करते हे मी एकाही मुलीला सांगितलं नव्हतं. ते आता कुठंतरी राहणार, आत्याच्या नावानं राहणार, या कल्पनेनं मी त्या दिवशी शाळेतून घरी चालत आले, रिक्षाच केली नाही.

आत्याला तयार करायला मला दोन खेपा घालाव्या लागल्या. ती म्हणाली, "विहारातलं गाणं विहारात बरं. ते कशाला बाहीर न्यायचं?" मी म्हणाले, "आत्या, तू गेल्यावर कोण म्हणणार?" हे मी फार कठोरपणे बोलले. ती म्हणाली, "इंदापूरकरीण येणार आसंल तर म्हणीन."

रेकॉर्डिंगचा दिवस जानेवारीतला. साखर कारखाने जोरात चालू होते. विहाराशेजारच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायचे आणि प्रत्येकावर गाणी दणदणत असायची. दर पाच मिनिटांनी कानाला हेडफोन लावलेला माणूस हात वर करायचा, सगळ्याजणी थांबायच्या, ट्रॅक्टर लांब गेला की पुन्हा पहिल्यापासून. चौघींनी पांढरी लुगडी नेसली होती. पंखा बंद करायला लावला होता म्हणून त्या पदरानं वारा घेत होत्या. आत्यानं माइककडं बघून विचारलं, "ह्येच्यात आवाज बसतो व्हय? मंग ह्यो एवढासा कसा?" सगळे हसले.

मैत्रिणीनं आत्याच्या पायाला हात लावला होता, चौघींसाठी इरकली साड्या आणल्या होत्या. बोलता बोलता तिच्या तोंडात तिची जुनी बोली आली होती. "आत्या, घाबरायचं न्हाय. आमी सगळे घरचेच हाय." पुण्याहून आलेली दोन माणसं तिच्याकडं नवलानं बघत होती.

गाणं मधल्या कडव्यांवर आलं. ही कडवी आत्यानं कुठल्याही भन्तेजींकडून ऐकलेली नव्हती. तिची किसा गोतमी गोष्टीतल्या श्रावस्तीत फिरत नाही, ती आपल्याकडच्या गावात फिरते. वरच्या आळीत जाते.

वरल्या आळीची गं बाई, वरूनच टाकी दाणं
पदरात पडलं थोडं, मातीत पडलं सोनं

मला शिवंना कुणी गं, मरण शिवलं घरोघरी
त्येला न्हाय ठावं बाई, कोण खालचं, कोण वरी

 ते झाल्यावर मैत्रिणीनं स्वतःच्या कानावरचा हेडफोन काढला, आत्याजवळ येऊन बसली, तिचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरले होते. "आत्या, हे कडवं दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं," ती म्हणाली. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही. तेच मला जास्त छळतं.

चहा झाल्यावर कागद निघाले. प्रत्येकीसाठी सहा-सात पानं, सगळी इंग्रजीत. आत्यानं पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्याकडं दिली. "काय लिवलंय गं?"

मी पहिलं पान वाचलं. नाव, गाव, गाण्याचा प्रकार. दुसरं चाळलं. तिसऱ्यावर बारीक अक्षरांत बरंच काही होतं. मैत्रीण सामान बांधायला सांगत होती, ती तिथूनच म्हणाली, "नेहमीचा नमुना आहे गं. परवानगीचा."

मी आत्याला सांगितलं, "काही नाही आत्या, रेकॉर्डिंग करायला आमची हरकत नाही, एवढंच आहे."

आत्यानं आणि एकीनं सही केली, दोघींनी अंगठा दिला. साक्षीदार म्हणून चारही कागदांवर मी सही केली. माझी सही छान आहे. शाळेत त्याबद्दल माझं कौतुक होतं.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष काही कळलं नाही. मी दोनदा विचारलं, तिनं सांगितलं, काम चालू आहे, वेळ लागतो. मग बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सुट्टीतलं काही काम होतं म्हणून आम्ही पाचसहाजण शिक्षकांच्या खोलीत होतो. मुख्याध्यापकांनी मोबाइल टेबलावर उभा केला आणि म्हणाले, "मॅडम, बघा किती सुंदर केलंय. जूनमध्ये परिपाठाला लावू."

रंगीत चित्रं हलत होती. एक गोरीपान किसा गोतमी, कमळांचं तळं, संगमरवरी पायऱ्या. आणि गाणं सुरू झालं. चाल आत्याची. आवाज कुणा तरुण गायिकेचा, बासरी आणि तबल्यासकट.

मूठभर मोहरी गं, मागते किसा माय
ज्या दारी मरण नाही, असे दार आहे काय?

मी पुढच्या कडव्यांची वाट बघत होते. वरची आळी आलीच नाही. त्या जागी बायका हसतमुखानं ओंजळी भरभरून मोहरी देत होत्या. शेवटी नावं आली. गीत: पारंपरिक. संकलन आणि संकल्पना या शब्दांपुढं माझ्या मैत्रिणीचं नाव. सांगवी नाही, विहार नाही, चौघींपैकी एकही नाही.

"पारंपरिक आहे बरं का, आपल्याच भागातलं वाटतं," मुख्याध्यापक म्हणाले.

मी "हो" म्हणाले. ते गाणं माझ्या आत्याचं आहे, हे सांगायला माझं तोंडच उघडेना. शरम कुणाची वाटत होती तेही कळेना.

घरी जाऊन फोन केला. ती गडबडीत होती. "अगं, नावांची यादी राहिली असेल. पुढच्या आवृत्तीत घालते. तांत्रिक गोष्ट आहे."

"आणि ते कडवं?"

"भेटून बोलू," ती म्हणाली.

भेट झाली नाही. यादीही आली नाही. आत्याला मी काही सांगितलं नाही. त्याऐवजी मला वाटलं तो शहाणपणा मी केला. पुढच्या पौर्णिमेला विहारात गेले आणि माझ्या साध्या मोबाइलवर चौघींचं पूर्ण गाणं घेतलं, वरच्या आळीसकट. खाली चौघींची नावं लिहिली, गाव लिहिलं आणि व्हिडिओच्या साइटवर टाकलं. आत्याला दाखवलं. तिनं स्वतःला पडद्यावर बघून पदर सारखा केला, जणू समोरचं कुणी तिला बघत होतं. पुतणसुना, शेजारणी, दळणाच्या गिरणीवरच्या बायका, सगळ्यांनी पाहिलं. लोणी भापकरला दिलेल्या तिच्या भाचीनं फोन करून सांगितलं, "मावशे, आमच्या हितं समद्यांनी बघितलं." आठवडाभर ती खूश होती.

मग आत्याचाच फोन आला. "बाय, ते गाणं दिसंना झालंय. काय बिघडलं का?"

मी उघडून पाहिलं. व्हिडिओच्या जागी काळा चौकोन होता आणि इंग्रजीत दोन ओळी. या चित्रफितीतलं गीत आणि चाल दुसऱ्या कुणाच्या मालकीची आहे, त्यांच्या तक्रारीवरून ती बंद केली आहे. तक्रार करणाऱ्यांचं नाव खाली होतं. माझ्या मैत्रिणीची कंपनी.

जळोचीत आमच्या घराजवळ एक मोबाइल दुरुस्तीवाले आहेत, त्यांना सगळे भाई म्हणतात. ते लग्नाच्या शूटिंगचंही काम करतात, असल्या तक्रारी त्यांना नेहमीच्या. त्यांना मी तो चौकोन दाखवला. ते म्हणाले, "बाई, वरातीतलं डीजेचं गाणं वाजलं की आमचं पण असंच बंद होतं. पण हे तर आजीबाई स्वतः गातायत. स्वतःच्या गाण्याची चोरी कशी होईल?" मग ते म्हणाले, "काही सही-बिही दिली होती का कुठं?"

मी घरी येऊन माझ्याकडची प्रत शोधली. ती प्रत पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात होती. शब्दकोश घेऊन तिसरं पान वाचलं. गीत, चाल, आवाज आणि त्यावरून होणारं कोणतंही रूप, यांचे सगळे हक्क कायमचे कंपनीला. बदल करण्याचे, गाळण्याचे अधिकार कंपनीला. गायिकेचं नाव देणं बंधनकारक नाही. आणि शेवटच्या पानावर, हा मजकूर सही करणाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगितला आहे, या वाक्याखाली माझी छान सही.

रविवारी मी इंदापूरला गेले. मैत्रीण आईला भेटायला आली आहे, हे मला तिच्या आईकडूनच कळलं होतं. तिनं दार उघडलं, मला बघून क्षणभर थबकली, मग मिठी मारली. मी हात उचलले नाहीत. तिची आई चहा टाकायला आत गेली.

मी मोबाइलवरचा काळा चौकोन तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "हे मी केलेलं नाही गं. चाल जुळली की यंत्रणा आपोआप बंद करते."

"तक्रार मागं घेता येते. भाईंनी सांगितलं मला."

"मला एकटीला नाही घेता येत. वर लोक आहेत."

"आणि ते कडवं? तू रडली होतीस त्याच्यावर."

ती खिडकीकडं बघत बोलली. "ज्यांनी प्रकल्पाला पैसे दिले त्यांनी सांगितलं, हे मुलांसाठी आहे, वादाचं काही नको. लोकांना बुद्धाची करुणा हवी असते, आपलं गाऱ्हाणं नको असतं. ते कडवं ठेवलं असतं तर अख्खं गाणंच गेलं असतं. मी गाणं वाचवलं, हे तुला दिसत नाही."

"गाण्यातनं आत्या काढलीस आणि गाणं वाचवलंस?"

तेव्हा ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं. "हे बघ, कागद तुझ्या हातात होता. तू मराठीची शिक्षिका. तूच त्यांना समजावून सांगितलंस आणि तूच सही केलीस. मी कुणाचा हात धरला नव्हता."

 तिची आई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती लेकीला म्हणाली, "त्या माऊलीच्या घरचं तीन वर्सं खाल्लंस. नाव लावाया काय झालं हुतं?"

"आई, तुला यातलं कळत नाही."

"न्हाय कळत," तिची आई म्हणाली आणि चहा माझ्याच हातात दिला. मी तो प्यायले, कारण तो त्या बाईनं केला होता. निघताना मैत्रीण फाटकापर्यंत आली. म्हणाली, "मी बघते काय करता येतं." मी मागं वळून पाहिलं नाही. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की आम्ही दोघी त्या घरात एकमेकींशी पुण्याच्या मराठीत भांडलो होतो.

आत्याला सांगणं याहून अवघड होतं. दुसऱ्या दिवशी शाळेनंतर गेले. ती ओट्यावर लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कंपनीचा व्हिडिओही दाखवला. तिनं तो पूर्ण पाहिला. बायका ओंजळी भरून मोहरी देतात तिथं ती म्हणाली, "आसं कुणी दिलं आसतं तर मी गाणं कशाला केलं आसतं?"

मग सोललेल्या पाकळ्या तिनं वाटीत टाकल्या. नंतर विचारलं, "तिचं जाऊ दे. ती परकी. तू वाचलं व्हतंस का?"

"नाही आत्या."

"मंग मला सांगितलंस कसं?"

मी रडायला लागले. लहानपणी मी रडले की ती जवळ ओढायची. त्या दिवशी तिनं ओढलं नाही. म्हणाली, "आमास्नी वाचता येत न्हाय म्हणून कुणीबी फसवलं. सावकारानं, तलाठ्यानं. आता आपली पोरगी शिकली म्हणलं, आता न्हाय फसायचं." आणि ती उठून आत गेली.

तिच्या तिन्ही सोबतिणींच्या घरी मी एकटी गेले आणि प्रत्येकीला तेच सांगितलं. एकजण म्हणाली, जाऊ दे बाय, गाणं काय कमी हुतंय का. दुसरी दळण निवडत राहिली. तिसरीनं मिळालेली साडी ट्रंकेतून काढून माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "ही तिला दिऊन टाक." ती साडी मी कुरिअरनं पुण्याला पाठवली, चिठ्ठी न घालता.

भाईंच्या मदतीनं मी साइटकडं हरकत नोंदवली. कंपनीला चार पत्रं लिहिली, दोन वकिलाला दाखवून. आठ महिन्यांनी तक्रार मागं घेतली गेली, चौकोन गेला, चौघी पुन्हा दिसू लागल्या. कंपनीच्या व्हिडिओखाली आता आभारात 'सांगवी येथील महिला' असे तीन शब्द आहेत. नावं नाहीत. कडवंही नाही. हक्क कागदावर अजून त्यांचेच आहेत, आणि वकील म्हणाले, ते मोडायला आणखी किती वर्षं जातील सांगता येत नाही. मैत्रिणीचा एकदा संदेश आला होता, मी प्रयत्न केले म्हणून तक्रार मागं घेतली, असा. खरंही असेल. मी उत्तर दिलं नाही. ज्या माणसाशी सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, तेच माणूस आता बोलण्यासारखं उरलं नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

गाणं परत दिसतंय हे सांगायला मी सांगवीला गेले. आत्यानं मोबाइल हातात घेतला नाही. "दिसू दे," एवढंच म्हणाली. तिच्या खाटेवर दवाखान्याचे कागद पडले होते. डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं, मला पत्ताच नव्हता. मी ते उचलून वाचू लागले तर तिनं हलकेच माझ्या हातातून काढून घेतले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "शेजारची सून वाचून देती. दोनदा वाचती ती."

मग तिनं विचारलं, जेवणार का. मी हो म्हणाले. तिनं ताट वाढलं, ठेचा वाढला आणि माझ्यासमोर बसून राहिली, मी जेवेपर्यंत.